लांब पल्ल्याच्या शर्यतीस उतरावें कीं न उतरावें?

सन २०२३ च्या जून महिन्यांतील गोष्ट. ता. ११ रोजीं, रविवारीं सकाळीं, आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी आमच्याकडे आला. वय चोवीस वर्षांचें. देवळाली प्रवरेच्या शिवारांत वडिलांबरोबर ऊस आणि दूध असा दुहेरी धंदा करणारा. शाळेंत असतांना धांवण्यांत तो नेहमीं पहिल्या तिघांत असे. गणितांत मात्र नसे. त्यानें खिशांतून मोबाईल काढून आमच्यापुढें धरला व विचारलें, "सर, ही शर्यत करूं का? नांव नोंदवायला थोडेच दिवस राहिले आहेत." ती शर्यत म्हणजे गोव्यांत पणजी येथें मिरामारच्या किनाऱ्यावर ता. ८ आक्टोबर रोजीं होणारी 'आयर्नमन ७०.३' ही ट्रायथलॉन. प्रश्न अगदीं साधा दिसला. पण त्याचें उत्तर मिळण्यास तीन रविवार लागले. त्या तीन रविवारांत जो विचार झाला तो आमच्या इतर विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांसही उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहों.

ट्रायथलॉन म्हणजे पोहणें, सायकल चालविणें व धांवणें या तीन गोष्टी एकामागून एक, मध्यें खंड न पडतां, करण्याची शर्यत. मध्यें कपडे व पादत्राणें बदलण्यास जो वेळ लागतो तोही शर्यतीच्या वेळांतच धरतात. हा खेळ फार जुना नाहीं. अमेरिकेंत सान दिएगो येथें ता. २५ सप्टेंबर १९७४ रोजीं अशी एक लहान शर्यत झाली. तींत भाग घेतलेल्यांपैकीं जॉन कॉलिन्स या आरमारी अधिकाऱ्यानें पुढें हवाई बेटांत गेल्यावर मोठाच घाट घातला. तेथें समुद्रांत पोहण्याची एक, बेटाभोंवतीं सायकलची एक व होनोलुलूची मॅरेथॉन अशा तीन निरनिराळ्या शर्यती होत असत. त्या तिहींची एकच माळ ओंवावी असें त्याच्या मनांत आलें. ता. १८ फेब्रुवारी १९७८ रोजीं पंधरा जण निघाले व बारा जण पोंचले. पहिला आलेला गॉर्डन हॉलर यास ११ तास ४६ मिनिटें ५८ सेकंद लागले. त्या पूर्ण शर्यतींत पोहणें सुमारें ३.८ किलोमीटर, सायकल १८० व धांवणें ४२.२ असतें. गोव्याची शर्यत तिच्या निम्मी: पोहणें १.९, सायकल ९०, धांवणें २१.१ किलोमीटर. मैलांत मोजल्यास एकंदर अंतर ७०.३ भरतें, व तोच आंकडा तिच्या नांवांत घातलेला आहे. गोव्यास ती प्रथम ता. २० आक्टोबर २०१९ रोजीं झाली. भारतीय सैन्यांतील बिश्वोरजित सायखोम यांनीं ती ४ तास ४२ मिनिटें ४४ सेकंदांत जिंकली.

आतां तारखेकडे वळूं. तारीख ही क्षुल्लक बाब वाटेल, पण आमच्या मतें साऱ्या प्रश्नाचें मूळ तींतच होतें. २०२२ सालीं गोव्याची हीच शर्यत ता. १३ नोव्हेंबर रोजीं झाली होती. २०२३ सालीं ती ३६ दिवस अलीकडे आली. कागदावर हे पांच आठवडे व एक दिवस. पण ते पांच आठवडे वर्षांतले कोणते, हें पाहावें लागतें. नोव्हेंबरच्या मध्यावर शर्यत असली म्हणजे पाऊस सरल्यावर महिनाभर तरी कोरडे रस्ते, निवळलेलें पाणी आणि पहांटेचा गारवा उमेदवारास मिळतो. आक्टोबरच्या आरंभीं शर्यत असली तर त्याची सारी तयारी मृगापासून हस्तापर्यंतच्या नक्षत्रांत होते, आणि चिखलांतून बाहेर पडतांच तो शर्यतीच्या रेषेवर उभा राहतो.

हाच प्रश्न उलट्या रीतीनें हवाईच्या लोकांसही पडला होता. तेथील शर्यत आरंभीं फेब्रुवारींत होत असे. फेब्रुवारी म्हणजे थंड देशांतील माणसांचा ऐन हिंवाळा. बाहेर बर्फ पडलेलें, रस्त्यावर सायकल नेण्याची सोय नाहीं, उघड्या पाण्यांत पोहण्याचें तर नांवच नको. आणि तेथून उठून एकदम हवाईच्या उन्हांत यावयाचें. म्हणून १९८२ सालीं शर्यतीचा महिना बदलून आक्टोबर करण्यांत आला, व त्यामुळें त्या एका वर्षांत दोन शर्यती झाल्या. त्यांपैकीं फेब्रुवारीच्या शर्यतींत ज्यूली मॉस नांवाची एक विद्यार्थिनी उतरली होती. व्यायामशास्त्रावरील आपल्या प्रबंधास साहित्य मिळावें हा तिचा हेतु. धांवण्याच्या टप्प्यांत ती स्त्रियांमध्यें आघाडीवर होती. पण शेवटचें अंतर उरलें असतां तिचे पाय गेले. ती पडली, उठली, पुन्हां पडली आणि अखेर रांगत रांगत रेषेस पोंचली. तत्पूर्वीं कॅथलीन मॅकार्टनी तिला मागें टाकून २९ सेकंदांनीं जिंकून गेली होती. हें दृश्य दूरचित्रवाणीवर दाखविलें गेलें व त्यामुळें या खेळाचें नांव जगभर झालें. आमच्या विद्यार्थ्यानेंही तेंच दृश्य मोबाईलवर पाहून मनाशीं निश्चय केला होता. तिच्या धैर्याची जगानें वाखाणणी केली ती योग्यच. परंतु तिचें शरीर शेवटीं कां निकामी झालें, हें विचारणारे थोडे. आम्हीं तेंच विचारावयाचें ठरविलें.

पहिल्या रविवारीं आम्हीं त्याला हो म्हटलें नाहीं, नाहींही म्हटलें नाहीं. आठवडाभरांत तीन गोष्टी करून त्या वहींत लिहून आण, एवढेंच सांगितलें: दहा किलोमीटर धांव, साठ किलोमीटर सायकल चालीव, आणि न थांबतां जितकें पोहतां येईल तितकें पोह. इकडे आम्हीं शर्यतीचे नियम वाचून मर्यादेचें गणित मांडलें. पोहण्यास १ तास १० मिनिटें मिळतात. सायकलचा टप्पा, आरंभापासून मोजतां, ५ तास ३० मिनिटांच्या आंत पुरा व्हावा लागतो. आणि सर्व शर्यत ८ तास ३० मिनिटांत. या वेळा ओलांडल्यास उमेदवारास बाजूस काढतात. याचा अर्थ असा कीं शंभर मीटर पोहण्यास फार तर ३ मिनिटें ४१ सेकंद लागावे. कपडे बदलण्यास दहा मिनिटें धरल्यास सायकलचा वेग ताशीं साडेएकवीस किलोमीटरांच्या खालीं जाऊं नये. आणि प्रत्येक किलोमीटर धांवण्यास साडेआठ मिनिटांहून अधिक लागूं नयेत. जिंकणारांच्या मानानें हे आंकडे अगदीं साधे आहेत. एकेक वेगळा घेतला तर आमच्या शाळेंतील दहावीचीं कांहीं मुलेंही त्यांतला एखादा साधतील. (मुलांनीं हें वाचून हुरळून जाऊं नये, अठरा वर्षांखालील कोणासही या शर्यतींत घेत नाहींत, आणि तो नियम आम्हांस पूर्णपणें मान्य आहे.)

दुसऱ्या रविवारीं तो वही घेऊन आला. धांवणें ५८ मिनिटांत झालेलें. सायकलचें अंतर कोल्हारचा पूल ओलांडून पुढें जाऊन परत असें केलेलें, वेग ताशीं वीसच्या आसपास, तोही साध्या सायकलवर. दोन्ही आंकडे आशादायक होते. पोहण्याच्या पुढें मात्र लिहिलें होतें: वीस मिनिटें, विहिरीच्या बेचाळीस खेपा. विहीर बारा मीटर रुंद. म्हणजे पांचशें मीटर.

येथें विहिरींतील पोहण्याविषयीं थोडें लिहिणें अवश्य आहे, कारण आपल्याकडील बहुतेक मुलें पाठीला भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून विहिरींतच पोहावयास शिकतात आणि आपणांस पोहतां येतें असें समजतात. तें खोटें नाहीं. परंतु बारा मीटरांच्या विहिरींत दर पंधरा-वीस हातांनंतर भिंत येते. भिंतीला पायानें रेटा दिला कीं दोन मीटर फुकट मिळतात, आणि दम खाण्यासही सांपडतें. १९०० मीटर पोहावयाचे तर विहिरीच्या १५८ खेपा होतात, व १५८ वेळां ती भिंत मदतीस येते. समुद्रांत ती एकदांही येत नाहीं. तेथें खारें पाणी अंगास उचलून धरतें हें खरें. पण लाट तोंडावर येते, खूण दिसत नाहीं, आणि शेजाऱ्याचा हात आपल्या डोक्यावर पडतो. शिवाय आमच्या या विद्यार्थ्याचें पोहणें डोकें वर धरून हात मारण्याचें होतें. त्यानें मान व खांदे लवकर भरून येतात. पाण्यांत तोंड ठेवून बाजूनें श्वास घेण्याची पद्धति नव्यानें शिकावी लागणार होती, आणि ती कला आहे, नुसत्या बळानें येत नाहीं.

संपूर्ण शर्यतीचें अंतर ११३ किलोमीटर. त्यांत पोहणें जेमतेम पावणेदोन टक्के. म्हणूनच उमेदवार त्याची हेळसांड करतात. पण सायकलवरून उतरतां येतें, धांवतां धांवतां चालतां येतें. पाण्यांत मात्र थांबण्यास जागा नाहीं. रक्षकांच्या होड्या असतात, व दमलेल्यानें होडीस धरून क्षणभर विसावा घेतला तर, तिच्या आधारानें पुढें सरकला नसल्यास, त्याला बाद करीत नाहींत. ही सोय चांगली. पण तिच्या भरंवशावर नांव नोंदविणें म्हणजे उत्तीर्ण होण्यासाठीं कृपागुणांवर विसंबण्यासारखें आहे.

आतां प्रश्न असा राहिला कीं पांचशें मीटरांचे एकोणीसशें मीटर किती दिवसांत होतील? भिंतीवरचें कालनिर्णय खालीं काढलें व आम्ही ता. ८ आक्टोबरपासून उलट मोजूं लागलों. ता. ११ जूनपासून बरोबर सतरा आठवडे. शर्यतीपूर्वींचे दोन आठवडे श्रम उतरते ठेवावे लागतात, कारण शेवटच्या दहा-बारा दिवसांत केलेल्या कष्टांनीं शक्ति वाढत नाहीं, थकवा मात्र उरतो. राहिले पंधरा. पेरणीचे दोन आठवडे त्याला शेतावरून हलतां येणार नव्हतें. राहिले तेरा. त्या वर्षीं अधिक श्रावण आल्यामुळें सण लांबले होते, गणेशचतुर्थी ता. १९ सप्टेंबरास, आणि हा गृहस्थ मंडळाचा खजिनदार. राहिले बारा. पावसांत भिजून एकदां तरी ताप येणारच, त्याचा एक आठवडा. राहिले अकरा.

श्रम दर आठवड्यास सुमारें दशांशाहून अधिक वाढवूं नयेत असा व्यायाम शिकविणाऱ्यांचा एक ढोबळ संकेत आहे. हा कांहीं सृष्टीचा नियम नव्हे. चांगला शिक्षक मिळाल्यास पोहणें याहून त्वरेनें सुधारतें, आणि वाईट संवय जडलेली असल्यास मुळींच सुधारत नाहीं. तरी अंदाज बांधण्यास तो पुरेसा आहे. हें चक्रवाढ व्याजाचेंच गणित झालें: मुद्दल ५००, दर आठवड्यास दर शेंकडा १०, मुदत अकरा आठवडे. आमच्या माजी विद्यार्थ्यानें तें आमच्यासमोर सोडविलें, आणि या खेपेस बरोबर सोडविलें. रास आली १४२७ मीटर. एकोणीसशांस ४७३ कमी. हीच मुदत चौदा आठवड्यांची असती तर १८९९ मीटर झाले असते. म्हणजे शर्यत नोव्हेंबरांत असती तर तो खुशाल गेला असता. आणि ती आक्टोबरांत आली म्हणून जें उणें पडलें तें नेमकें पाण्यांतलें.

तो बराच वेळ कागदाकडे पाहत बसला. मग म्हणाला, "पाटांत पोहलों तर, सर? आवर्तन सुटलें कीं सरळ लांब पाणी मिळतें." हा विचार ऐकून मात्र आम्ही दचकलों. पालकांनीं हें विशेष लक्षांत घ्यावें. प्रवरेचे कालवे भंडारदऱ्याच्या पाण्यावर वाहतात, व आवर्तनाच्या दिवसांत त्यांची ओढ वरून दिसते त्याहून पुष्कळ अधिक असते. कडा शेवाळानें निसरड्या. बाहेर येण्यास पायऱ्या नाहींत. पुढें मोऱ्या व दरवाजे. प्लॅस्टिक अंथरलेलीं शेततळीं तर याहून दगलबाज. पाणी संथ असतें, पण ओल्या प्लॅस्टिकवर पाय ठरत नाहीं, व चांगला पोहणाराही कांठापाशीं येऊन बुडतो. ज्यांच्या शेतांत असें तळें आहे त्यांनीं चारी बाजूंनीं गांठी मारलेले जाड दोर आंत सोडून ठेवावे व भोंवतीं कुंपण करावें. शर्यत राहो बाजूस, एवढें एक जरी या लेखावरून कोणी केलें तरी आमचे श्रम सार्थकीं लागतील.

उन्हाचाही विचार झाला. पावसाळ्यांत आपल्याकडे आभाळ भरलेलें असतें, वाराही असतो, आणि घाम लवकर वाळतो. आक्टोबरांत पणजीचें तपमान तीस अंशांच्या वर जातें व हवा इतकी दमट असते कीं घाम अंगावरून नुसता ओघळतो. घाम ओघळल्यानें शरीर निवत नाहीं. तो वाळला तरच निवतें. अशा हवेस शरीर सरावण्यास दहा ते चौदा दिवस लागतात, आणि दुभत्या जनावरांचा मालक दोन आठवडे आधीं गोव्यास जाऊन राहूं शकत नाहीं. घाम किती जातो हें पाहण्याचा एक प्रयोग विद्यार्थ्यांनीं घरीं करावा: तासभर खेळण्यापूर्वीं व नंतर, अंग पुसून, वजन करावें. एक किलो घटल्यास सुमारें एक लिटर घाम गेला. पण तेवढेंच नुसतें पाणी भराभर पिऊन भागत नाहीं. मिठावांचून पाणी फार झालें तर रक्तांतील क्षार विरळ होऊन शुद्ध हरपते, क्वचित् प्राणही जातो. लिंबू, मीठ व साखर घातलेलें आपलें साधें सरबत येथें कामास येतें. खाण्याचेंही तसेंच. स्नायु व यकृत यांत सांठलेली साखर नेटाच्या श्रमास दीड-दोन तास पुरते. पुढें दर तासास साठेक ग्रॅम पिष्ट किंवा साखर पोटांत गेली नाहीं तर पाय उचलत नाहींत. दोन केळीं व गुळाचा लहानसा खडा म्हणजे जवळजवळ तेवढें. मात्र सायकलवर बसून खाणें व पचविणें हेंही शिकावें लागतें, आणि त्यासही आठवडे हवेत.

तिसऱ्या रविवारीं तो वडिलांस घेऊन आला. तात्या फारसे बोलणारे नव्हेत. प्रवेशशुल्क, गोव्यास जाण्यायेण्याचा व राहण्याचा खर्च आणि नवी सायकल, असा सारा हिशेब त्यांनीं ऐकून घेतला. तेवढ्याच पैशांत दोन एकर उसास ठिबकाच्या नळ्या होणार होत्या, हें आम्हांस मागाहून कळलें. ते स्वतः त्याविषयीं अवाक्षर बोलले नाहींत. त्यांनीं एवढेंच विचारलें, "सर, धारा मी एकटा काढीन, त्याचं काही नाही. पण तुम्ही त्याला पोहताना बघितलंय का?"

आम्हीं पाहिलें नव्हतें. वहींतले आंकडे पाहिले होते. त्याच दुपारीं आम्ही तिघे विहिरीवर गेलों. मुलगा पाण्यांत उतरला, व पंचवीस खेपांनंतर त्याची मान ताठली, हात आंखूड पडूं लागले. बेचाळीस खेपा पुऱ्या झाल्या खऱ्या, पण शेवटच्या दहा त्यानें भिंतीच्या रेट्यावरच काढल्या. वर येऊन तो पायरीवर बसला आणि आम्ही कांहीं बोलण्यापूर्वींच म्हणाला, "यंदा नाही, सर." नांव नोंदविण्याची मुदत त्यानंतर चार दिवसांनीं संपली. त्या चार दिवसांत त्याचें मन दोनदां फिरलें असें त्याच्या आईनें सांगितलें.

पुढें काय झालें तें लिहितांना आम्हांस एक कबुली देणें प्राप्त आहे. आम्हीं भीति घातली होती पावसाची, पुराची, चिखलाची. प्रत्यक्षांत १९०१ पासूनच्या नोंदींत देशभर सर्वांत कोरडा ठरलेला आगस्ट महिना त्या वर्षींचा. ज्या विहिरींत तो पोहावयाचा होता तिचें पाणी श्रावणांत चढण्याऐवजीं उतरलें. रस्ते मात्र कोरडे राहिले. म्हणजे आमचा सल्ला बरोबर ठरला, पण आम्हीं दिलेल्या कारणानें नव्हे.

रिकामा तो बसला नाहीं. आक्टोबरपासून दर रविवारीं बसनें नगरास जाऊन तेथील तलावांत तो तोंड पाण्यांत ठेवून श्वास घेण्यास शिकूं लागला. पहिले दोन महिने नाकातोंडांत पाणीच गेलें. २०२४ ची शर्यत ता. २७ आक्टोबर रोजीं होती. त्यानें माघापासून मोजणी धरली. पेरणी, गणपति व ताप वजा जातां पंचवीसांहून अधिक आठवडे हातीं उरले. सायकल नवी घेतली नाहीं, श्रीरामपूरच्या एका ओळखीच्या मुलाची वापरलेली घेतली, आणि ठिबकाच्या नळ्या त्याआधींच शेतांत पडल्या होत्या. उसाच्या गाड्यांच्या दिवसांत पहांटे चार वाजतां निघून उजाडतां उजाडतां परत येई. पुढें आवांका वाढल्यावर शिर्डीपर्यंत जाऊन परत येऊं लागला. तें अंतर नव्वदच्या आसपास भरतें. मे महिन्यांत व पुन्हां दसऱ्याच्या सुमारास कोंकणांत जाऊन एका कोळ्याच्या होडीशेजारून तो समुद्रांत पोहला. पहिल्या खेपेस दहा मिनिटांत होडींत चढला, दुसऱ्या खेपेस तासभर चढला नाहीं.

शर्यतीच्या दिवशीं पोहण्यास त्याला ६१ मिनिटें लागलीं. मर्यादेच्या आंत नऊ. सायकल ठीक झाली. धांवण्यांत, जो त्याचा हातखंडा, त्यांतच तो उन्हानें हैराण झाला व सहा-सात किलोमीटर चालला. एकंदर वेळ ७ तास ५२ मिनिटें. तात्या मिरामारच्या वाळूवर छत्री घेऊन उभे होते. घरच्या धारा त्या तीन दिवसांत त्याच्या चुलत्यांनीं काढल्या, आणि परत आल्यावर प्रत्येक गाय किती लिटर कमी आली याचा हिशेब त्यांनीं पुतण्यासमोर ठेवला.